रोलँड गॅरोस टेनिसपटू नव्हते, वैमानिक होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या अखेरीस फ्रेंच ओपन सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर ‘रोलँड गॅरोस’ हे नाव रोज दिसू लागते. यंदा त्या पानावरील एका चौकटीत ‘फ्रान्सचे थोर टेनिसपटू आणि पुढे महायुद्धात असंख्य विमाने पाडणारे वीर’ अशी त्यांची ओळख छापून आली. या ओळखीतील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. टेनिसमध्ये गॅरोस यांनी नाव मिळवले नाही आणि त्यांच्या नावावर अधिकृतपणे जमा असलेली विमाने अवघी चार आहेत. खरी हकिकत मात्र या चौकटीपेक्षा कितीतरी मोठी आहे, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

मी धुळ्यात राहतो आणि आयुष्यभर तंत्रशिक्षणाच्या वर्गात फिटरचे काम शिकवत आलो. आमच्या गोंदूर विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने उडतात, त्यांच्या नाकावर एकच पंखा असतो. तो दाखवून मी मुलांना विचारत असे की, या पंख्याच्या मागे मशीनगन बसवली तर पात्यांचे तुकडे न होता ती पुढे कशी चालवायची? गॅरोस यांचे नाव मला पहिल्यांदा भेटले ते टेनिसच्या मैदानावर नव्हे, तर या प्रश्नाच्या उत्तरात.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८८८ रोजी हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर झाला. बालपणाचा काही काळ व्हिएतनाममधील सायगॉन शहरात गेला, पुढे पॅरिसमध्ये शिक्षण झाले आणि १९१० मध्ये त्यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. उंचीचे विक्रम त्यांनी एकाहून अधिक वेळा केले. २३ सप्टेंबर १९१३ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील फ्रेजूस येथून निघून ट्युनिशियातील बिझेर्त येथे उतरताना त्यांनी भूमध्य समुद्र कोठेही न थांबता प्रथमच ओलांडला. या प्रवासाला आठ तासांना सात मिनिटे कमी लागली, आणि उतरले तेव्हा टाकीत जेमतेम काही लिटर इंधन उरले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा त्यांची कीर्ती एवढी होती की, पहिल्याच दिवसांत त्यांनी आपले विमान जर्मन आकाशजहाजावर आदळून प्राण दिल्याची बातमी अनेक वृत्तपत्रांनी छापली. ती निखालस खोटी होती. गॅरोस यांच्याविषयी चुकीचे छापून येण्याची परंपरा अशी जुनी आहे.

त्या वेळी विमाने प्रामुख्याने शत्रूची टेहळणी करण्यासाठी उडत, आणि वैमानिक एकमेकांवर पिस्तुलाने नाहीतर रायफलने गोळ्या झाडत. ५ ऑक्टोबर १९१४ रोजी रॅन्सजवळ जोसेफ फ्रांत्स आणि लुई केनो या फ्रेंच जोडीने मशीनगनने एक जर्मन विमान पाडले, परंतु त्यांच्या व्हॉयझँ विमानाचा पंखा मागच्या बाजूला होता, त्यामुळे पुढे बंदूक चालवण्यात काहीच अडचण नव्हती. मागे पंखा असलेली विमाने मात्र बोजड आणि संथ असत. जी विमाने चपळ होती त्यांचा पंखा नाकावर होता, आणि वैमानिकाला नेम धरायचा तर विमानाचे नाक हेच बंदुकीचे तोंड व्हायला हवे होते.

येथे हिशेब पाहण्यासारखा आहे. मिनिटाला बाराशे फेरे घेणाऱ्या इंजिनवर दोन पात्यांचा पंखा असेल, तर बंदुकीच्या नळीसमोरून दर सेकंदाला चाळीस वेळा पाते जाते. त्यातून वाट काढायची कशी, हे शिलाई मशीनवर बसणाऱ्याला चटकन समजेल. सुई खाली जाऊन वर उठू लागते नेमक्या त्याच क्षणी शटलची चोच दोऱ्याच्या फासात शिरावी लागते, आणि ही वेळ थोडीशी जरी चुकली तरी टाका सुटतो किंवा सुई मोडते. बंदूक आणि पंखा यांची सांगड अशीच घालायची होती, म्हणजे इंजिनच्या फिरण्यातूनच चापाला हुकूम मिळावा आणि पाते समोर असेल तेवढा क्षण गोळी अडून राहावी. मोरान-सोल्निए या फ्रेंच विमान कंपनीचे रेमाँ सोल्निए यांनी युद्धापूर्वीच, १९१४ मध्ये, अशी यंत्रणा करून पाहिली होती. यंत्राची वेळ जुळत होती, पण काडतुसांची जुळत नव्हती. चाप पडल्यावर एखादे काडतूस किंचित उशिरा पेट घेई आणि तेवढ्या विलंबात पाते समोर आलेले असे. म्हणून सोल्निए यांनी दुसरा, ओबडधोबड पण तातडीचा उपाय शोधला. पात्यांवर जेथे गोळी लागू शकते तेथे पाचरीच्या आकाराची पोलादी पट्टी बसवायची, म्हणजे बहुतेक गोळ्या मोकळ्या जागेतून निघून जातील आणि जी पात्यावर आदळेल ती पाचरीवरून बाजूला फेकली जाईल.

गॅरोस यांनी ही कल्पना उचलली आणि आपले मेकॅनिक ज्यूल ह्यू यांच्यासह त्या पाचरींचा आकार सुधारून घेतला. इतिहासाच्या पुस्तकांत ह्यू यांना एखादीच ओळ मिळते, याची माझ्यासारख्या फिटरला खंत वाटते. पट्टीवर बसणारा प्रत्येक धक्का पंख्यातून इंजिनच्या दांड्यापर्यंत पोहोचत असणार, आणि असे यंत्र रोज उडण्याच्या स्थितीत ठेवणे हे काम किती जोखमीचे होते ते कार्यशाळेत हात काळे केलेला माणूसच जाणेल.

१ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियमच्या आघाडीवर गॅरोस यांना एक जर्मन अल्बाट्रॉस विमान दिसले. समोरून येणाऱ्या, नाकावर पंखा फिरत असलेल्या विमानातून गोळ्या येऊ शकतील अशी शंकाही त्या जर्मन जोडीला येण्याचे कारण नव्हते. ते विमान पेट घेऊन कोसळले. १५ आणि १८ एप्रिलला आणखी दोन विजय मिळाले, म्हणजे हा सारा पराक्रम अठरा दिवसांत सामावतो. या तिसऱ्या विजयाच्याच दिवशी, १८ एप्रिल रोजी, जमिनीवरून गोळीबार होत असताना त्यांचे इंजिन बंद पडले आणि जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये इंगेलमुन्स्टरजवळ त्यांना उतरावे लागले. विमान जाळून टाकण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते पुरते जळले नाही. बंदूक, पंखा आणि त्यावरील पाचरी जर्मनांच्या हाती लागल्या.

पुढचा भाग बहुतेक ठिकाणी असा सांगितला जातो की, जर्मनांनी तो पंखा जर्मनीत विमानांचा कारखाना चालवणारे अँथनी फोकर यांच्याकडे दिला आणि फोकर यांनी अठ्ठेचाळीस तासांत बंदूक-पंख्याची सांगड घालणारे यंत्र नव्याने शोधून काढले. ही गोष्ट स्वतः फोकर यांनीच नंतर सांगितली, आणि ती जशीच्या तशी घेण्याजोगी नाही. फ्रांत्स श्नायडर यांनी जर्मनीत १९१३ मध्येच अशा यंत्रणेचे पेटंट घेतले होते, फ्रान्समध्ये सोल्निए यांचे प्रयोग होऊन गेले होते, आणि फोकर यांच्या कारखान्यातील माणसेही या प्रश्नावर आधीपासून विचार करत होती असे अभ्यासक मानतात. सापडलेल्या विमानाने जर्मनांना तोडगा दिला असे म्हणण्यापेक्षा त्याने घाई दिली असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते, कारण समोरून मारणारे विमान प्रत्यक्षात काय करू शकते हे त्यांना आता कळून चुकले होते. १ जुलै १९१५ रोजी कुर्ट विन्टगेन्स यांनी फोकरच्या आइनडेकर (पंखांची एकच जोडी असलेल्या) विमानातून अशा सांगड घातलेल्या बंदुकीने पहिला विजय मिळवला. त्यांच्यापुढे होते ते मोरान-सोल्निए, गॅरोस यांनी जे चालवले होते त्याच जातीचे. त्या उन्हाळ्यापासून पुढचे कित्येक महिने दोस्तांच्या वैमानिकांनी आइनडेकरचा धसका घेतला होता, आणि न्यूपोर ११ सारखी फ्रेंच विमाने १९१६ च्या आरंभी आघाडीवर येईपर्यंत तो ओसरला नाही.

या सर्व काळात गॅरोस कैदेत होते, आणि एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवले जात होते. माग्डेबर्ग येथे त्यांची गाठ आन्सेल्म मार्शाल या फ्रेंच वैमानिकाशी पडली. मार्शाल यांनी जून १९१६ मध्ये नान्सीहून रातोरात उडून बर्लिनवर पत्रके टाकली होती आणि पूर्वेकडे निघून जाताना खेल्मजवळ ते पकडले गेले होते. बर्लिनपर्यंत पोहोचूनही ज्याने बॉम्बऐवजी कागद टाकले, त्या माणसाविषयी मराठीत कोणी स्वतंत्रपणे लिहावे अशी माझी इच्छा आहे. मार्शाल यांना जर्मन उत्तम येत असे. १४ फेब्रुवारी १९१८ रोजी हे दोघे जर्मन अधिकाऱ्यांचा वेश करून छावणीच्या दारातून बाहेर पडले, हॉलंडला पोहोचले आणि तेथून लंडनमार्गे मायदेशी परतले.

जवळजवळ तीन वर्षांत हवाई युद्ध पार बदलून गेले होते. पंतप्रधान क्लेमांसो यांची इच्छा गॅरोस यांनी आघाडीपासून दूर राहून सल्लागाराचे काम करावे अशी होती, आणि कोणाही समंजस माणसाने तोच सल्ला दिला असता. गॅरोस यांनी तो मानला नाही. कालचे प्रसिद्ध वैमानिक पुन्हा शिकाऊ झाले, नवी विमाने व नवे डावपेच त्यांनी समजून घेतले आणि आपल्या जुन्या २६ क्रमांकाच्या तुकडीत ते रुजू झाले. आता त्यांच्या हाती स्पॅड १३ विमान होते आणि त्यावर पंख्याशी सांगड घातलेल्या दोन विकर्स मशीनगन होत्या. ज्या गोष्टीसाठी १९१५ मध्ये पोलादी पाचरी ठोकाव्या लागल्या, ती आता कारखान्यातून तयार होऊन येत होती. २ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांनी चौथा विजय नोंदवला. ५ ऑक्टोबरला आर्देन भागातील व्हूझियेजवळच्या चकमकीत ते मारले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना तीस वर्षे पूर्ण झाली असती, आणि युद्धविराम तेथून फक्त सदतीस दिवसांवर होता. त्यांची समाधी व्हूझिये येथेच आहे.

फ्रान्समध्ये पाच विमाने पाडणाऱ्याला ‘अस’, म्हणजे पत्त्यांतला एक्का, म्हणत. रने फाँक यांची संख्या ७५ आहे, जॉर्ज गिनमेर यांची ५३, आणि आपले इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दोन आठवड्यांत दहा विमाने पाडली. या हिशेबात गॅरोस एक्केही ठरत नाहीत. म्हणूनच ‘असंख्य विमाने पाडणारे’ हे विशेषण मला खटकले. त्यामुळे त्यांचे अठरा दिवसांचे खरे काम झाकले जाते, आणि सुरक्षित खुर्ची नाकारून पुन्हा विमानात बसलेला माणूसही दिसेनासा होतो.

राहिला टेनिसशी असलेला संबंध. १९२७ मध्ये फ्रान्सने अमेरिकेत डेव्हिस चषक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो पॅरिसमध्ये राखायचा असल्याने नवे क्रीडांगण बांधणे भाग पडले. त्यासाठी जागा देणाऱ्या स्ताद फ्रान्से या क्लबचे अध्यक्ष एमिल लेसिएर हे गॅरोस यांचे जुने सहाध्यायी होते. क्रीडांगणाला आपल्या मित्राचे नाव द्यावे असा आग्रह त्यांनी धरला, आणि १९२८ मध्ये ते नाव दिले गेले.

आपल्या दैनिकाने ही दुरुस्ती छापावी, आणि पुढील वर्षी स्पर्धेची पहिली बातमी देताना या नावापुढे ‘वैमानिक’ हा शब्द जोडावा, एवढी विनंती आहे. जागा उरल्यास सोबत ज्यूल ह्यू यांचेही नाव द्यावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तंत्रशिक्षक, धुळे