स्टुटगार्टहून सोलापूरला

स्टुटगार्ट, १४ डिसेंबर

ती. आण्णा आणि आईस सा. न.

आई, जेवतेय मी नीट. शेंगाचटणी अजून आहे. कडक भाकरीचे तुकडे उरलेत, तेच दह्यात भिजवून खाते. थंडीचं विचारू नको, दोन-दोन मोजे घालते.

आण्णा, नोकरी सोडलेली नाही. चार दिवस कंपनी आणि उरलेल्या वेळात दादाच्या लूमवरचे टॉवेल विकते. त्यासाठी परदेशी लोकांच्या कचेरीची वेगळी परवानगी लागते, तीही काढली. विमा नोकरीतूनच आहे. पेठेत कुणी विचारलं तर एवढंच सांगा.

इथली एक गंमत सांगते. आमच्या इमारतीत आळीपाळीने एकेका घराच्या दाराला पाटी लागते: 'केअरवोखे', म्हणजे झाडायचा आठवडा. ज्याच्या दारी पाटी, त्याने आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला नेऊन अडकवायची. ही झाली धाकटी. थोरलीत फुटपाथ, तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, सगळं आलं. जिना लख्ख असला तरी सुटका नाही. मी एकदा म्हटलं, धूळच नाही की! तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "धुळीचं काय विचारतेस, आठवडा तुझा आहे."

पहिले चार टॉवेल याच आजींनी घेतले. इथे टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात धुतात, आणि मी नमुना ४० वर धुऊन पास केला होता. लाल किनार सुटली. एका संध्याकाळी घरी आले तर दाराला, पाटीच्याच खिळ्यावर, त्यांचा गुलाबी झालेला अभ्रा लटकत होता. बोलल्या काहीच नाहीत. लाल किनारीचे सगळे नग परत मागवले, पैसे फेडले. दादा म्हणतो, रंगवाल्याचे कापून घे. नमुना मी पास केला, त्याचे कसे कापू?

आणि ती मोठी ऑर्डर. ४००० नग, दर पाऊणपट, लेबल घेणाऱ्यांचं, पैसे ९० दिवसांनी. रात्रभर हिशोब मांडला. सूतवाला थांबत नाही, वीजबिल थांबत नाही. थांबवता येतो तो फक्त लूमवरचा माणूस, आणि दर पाडायचा तर त्याचीच मजुरी पाडायची. मिल बंद पडली तेव्हा तुमचे पैसे किती वर्षं अडकले होते आण्णा, ते मी विसरलेले नाही. म्हणून नाही म्हणाले. दादाला अक्कल शिकवायची नव्हती. त्याचे निम्मे लूम बंद आहेत हे मला कळतं. माझे महिन्याचे १२० नग त्याला कुठे पुरणार? निम्मे पैसे आगाऊ देते, एवढंच. त्याचा फोन दोनदा उचलला नाही, हेही खरं.

परवा नवा गठ्ठा फोडला. खोलीभर खळीचा वास. आत 'संचार'चा कागद होता, तो जाहिरातींसकट वाचून काढला.

तर या महिन्यात १५ हजार कमी येतील. छोटीच्या साखरपुड्याचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. अक्कलकोटच्या स्थळाला नुसतं 'इंजिनिअर आहे' म्हणून सांगू नका. टॉवेल विकते हेही सांगा, मग काय म्हणतात बघू. आई, चिडू नकोस.

सिद्धेश्वरांच्या जत्रेला, गड्ड्याला, येणं यंदाही जमत नाही. तिकिटाचं तर आहेच, पण सुट्टीही रंगाच्या भानगडीत संपली. नंदीध्वज निघाले की व्हिडिओ लावा, आणि आण्णा, गेल्या वर्षी नुसता तुमचा अंगठा दिसत होता.

पुढच्या गठ्ठ्यात 'संचार'चे कागद जास्त घालायला दादाला सांगा. रागात असला तरी घालेल.

तुमची,
थोरली