पेढ्यांचा पुडा

ठाणे, रविवार दुपार

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला जमत नाही. आई, तू मधेच 'जेवलीस का?' विचारतेस आणि बाबा दोन वाक्यांत फोन तुझ्याकडे देतात. म्हणून कागद घेतला.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून निघाले तेव्हा बाबांनी नेहमीसारखा स्टँडवर अर्धा किलो कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला, जावयांना आणि नातवाला म्हणून. बस सुटल्यावर एक खाल्ला. खंबाटकीचा बोगदा आला तोवर पुडा अर्ध्यावर होता. पाचव्या-सहाव्या पेढ्यानंतर चव लागत नव्हती, पोटात डचमळत होतं, तरी हात थांबत नव्हता. स्वारगेटला उतरून रिकामा पुडा कचऱ्याच्या डब्यात खाली दाबला आणि घरी सांगितलं, बाबा या खेपेला विसरले. तुमच्या जावयांनी फोनवर चेष्टा केली तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, 'हो, विसरलो खरा.' मला एका शब्दाने विचारलं नाहीत. तुम्ही माझी थाप का झाकलीत, ते कळायला दिवाळी उजाडावी लागली. त्यावर येतेच.

हे एकदाच घडलेलं नाही. तूरडाळीच्या डब्यामागे फरसाणाची पाकिटं. रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभं राहून, दिवा न लावता खायचं. सकाळी पाकिटाची घडी घालून पर्समध्ये आणि तिथून बँकेच्या कचऱ्यात. दहा-बारा वर्षं. बाळंतपणानंतर वाढलं, पण सुरुवात त्याआधीची आहे.

ऑगस्टमध्ये रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३ टक्के आली. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. बाबा, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, 'तू कुठे जाड आहेस?' पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांनी २००४ साली एका इंग्रज सहकाऱ्याबरोबरचा स्वतःचा फोटो छापला होता. उंची-वजनाच्या हिशेबाने (बीएमआय) दोघे अगदी सारखे, २२.३. अंगातली चरबी मात्र त्या इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपली अंगं अशी फसवी असतात. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी म्हणतात. माझी ९१ होती, साडीत दिसत नव्हती इतकंच.

इथल्या एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मला जिभेवर ताबा नाही. त्या म्हणाल्या, जीभ बाजूला ठेवा, लपवता का ते सांगा. मग त्यांनी प्रश्नावली भरून घेतली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००९ साली तयार झालेली, दारूच्या व्यसनाला जे प्रश्न विचारतात तेच खाण्याबद्दल विचारणारी. ठरवलं त्यापेक्षा जास्त खाता का, सोडायचा प्रयत्न फसला का, त्रास होतोय हे कळूनही खाता का. मला हो, हो, हो असंच लिहावं लागलं. 'खाण्याचं व्यसन' हा वेगळा आजार मानायचा की नाही यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. पण ताबा सुटून भराभर, लाजून, एकट्याने खाणं हा आजार २०१३ पासून त्यांच्या मानसिक आजारांच्या अधिकृत पुस्तकात आहे. मला तेवढं पुरलं. माझ्या अवगुणाला नाव मिळालं आणि मी त्या दिवशी रिक्षात बसून रडले.

दारुड्याला बाटली कायमची सोडता येते. जेवण कसं सोडणार? उलट बाईंनी मला वेळेवर खायला लावलं. मी सकाळी चहावर निघायचे, दुपारी डबा अर्धवट आणि संध्याकाळी लोकलमधून उतरेपर्यंत अंगात वखवख. रात्रीचा सगळा तमाशा त्या उपाशी दिवसाचा होता.

आई, आता तुला लागेल असं लिहिते. मी संकष्टी सोडली. चंद्र उगवल्यावर सोडतात तशी नाही, कायमची. दिवसभर साबुदाणा, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, आणि साडेनऊला मोदक. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यावर तूप. उपास कसला, तो माझा महिन्याचा हक्काचा धुडगूस होता. गणपतीला रोज संध्याकाळी दूर्वा वाहते. त्याची तक्रार आलेली नाही.

आता साडेआठला भाजी-भाकरी किंवा पोहे, एकला डबा, पाचला फुटाणे नाहीतर ताक, आठला जेवण. जेवून झाल्यावर पंधरा मिनिटं खाली फेऱ्या. अकराला झोप, कारण जागरण झालं की दुसऱ्या दिवशी गोडाकडे हात जातो हे माझ्या वहीत स्पष्ट दिसतं. फरसाण घरात येत नाही. नातवाला हवं तर बाहेर खातो. नवरात्रात एका रात्री केकचा अख्खा डबा संपवला. तेही वहीत लिहिलं आणि सकाळी साडेआठला पोहे खाल्ले. उपाशी राहून शिक्षा घ्यायची नाही, हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सहा महिन्यांत साखर ६.३ वरून ५.८ झाली. वजन सहा किलो उतरलं.

बाबा, आता तुमचं. लक्ष्मीपूजनाला आरतीचं पुस्तक शोधताना जुन्या पंचांगांच्या मागे पेढ्यांचे कागद सापडले. बरेच होते. मी होते तसे ठेवले आणि आईला बोलले नाही. आता बोलतेय, कारण पत्र दोघांना आहे. आई, रागावू नकोस. अकरा वर्षं तू त्यांच्या ताटातला भात मोजतेस, म्हणून ते पंचांगामागे गेले. मीही तशीच डाळीच्या डब्यामागे गेले होते.

तुम्ही म्हणाल, गोळी चालू आहे. चेन्नईत उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर अभ्यास झाला होता. चालणं आणि जेवण सुधारून मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीने २६.४. तुम्ही उंबरठा कधीच ओलांडलाय, तुमची गोळी हवीच. पण तिच्या भरवशावर पेढे पचत नाहीत. आणि खाण्यात बदल केलात तर आधी डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी मग साखर फार खाली येऊ शकते.

मला तुमच्याकडून फार काही नको. पानात वाढलं की 'अजून एक, माझ्यासाठी' म्हणू नकोस, आई. तुझ्यासाठी मी चार वेळा बसने येईन. उरलेलं संपवायला मला बोलावू नकोस, गाईला घाल. आणि बाबा, लपवू नका. आठवड्यातून एक पेढा, आईसमोर, ताटात, बसून. मीही तसाच खाईन तुमच्यासोबत.

शनिवारी अकराच्या सुमारास पोचते. बाबा, स्टँडवर या, पण रिकाम्या हाताने. रिक्षा नको, राजवाड्यापर्यंत चालत जाऊ.

तुमची,
ठकू

ता. क. आई, ज्वारी दळून ठेव, इथल्या पिठाला चिकटपणा नाही. आणि पुड्याचं मावशीला सांगू नकोस.