खुले पत्र : मतदानाला एकच दिवस का?

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री यांस,
स. न. वि. वि.

२० नोव्हेंबर २०२४ला महाराष्ट्राने विधानसभेसाठी मतदान केले. मला करता आले नाही. मी एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. दुपारी दोन तास सोडू, असा शब्द मला मिळाला होता. दुपार झाली, माझ्या जागी कोणी आलेच नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण टाकून मी कुठे जाणार होते? सहा वाजून गेले. त्या रात्री घरी येऊन मी रडले आहे, मंत्रिमहोदय.

दाद मागायला गेले तर कायदाच आडवा आला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ ब मतदानासाठी भरपगारी सुट्टी देते आणि तेच कलम सांगते की, ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होऊ शकते त्याला ती लागू नाही. माझ्यावाचून माणसे दगावू शकतात, म्हणून माझे मत गेले तरी चालेल?

आगाऊ मतदानाची सोय आहे, हे मला कोणी शिकवू नये. अधिसूचित अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी टपाली मतदान केंद्र मतदानाआधी तीन दिवस, नऊ ते पाच उघडे असते. आमचे रुग्णालय त्या यादीत नाही, असे मला सांगण्यात आले. यादीतल्यांचे तरी काय? नमुना १२ ड, म्हणजे टपाली मतदानाचा अर्ज, निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यायचा. अधिसूचना २२ ऑक्टोबरची, म्हणजे २७ तारखेला, ऐन दिवाळीच्या तोंडावर मुदत संपली. उमेदवारांना मात्र अर्ज भरायला २९पर्यंत आणि माघार घ्यायला ४ नोव्हेंबरपर्यंत वेळ! उमेदवार कोण हे ठरलेले नाही, आमचा ड्युटीचा तक्ता लागलेला नाही, आणि मतदाराने तीन आठवडे आधी लिहून द्यायचे की त्या दिवशी मी कामावर असेन.

टक्का घसरला की सगळे शहरी मतदाराच्या नावाने बोटे मोडतात. २०१९च्या लोकसभेला ३० कोटींहून जास्त मतदारांनी मत दिले नाही, हा आकडा निवडणूक आयोगाचाच. ते सगळे आळशी होते? सुरक्षारक्षक, हॉटेलातले आचारी, ट्रकचालक, नोव्हेंबरात गाव सोडून फडावर गेलेला ऊसतोड कामगार, यांना कोणी विचारले? स्थलांतरितांना आहे तिथूनच मत देता यावे म्हणून केलेले, ७२ मतदारसंघ सांभाळणारे मतदान यंत्र दाखवायला आयोगाने जानेवारी २०२३मध्ये पक्षांना बोलावले, पक्षांनी विरोध केला आणि विषय तिथेच राहिला. आमची मते हवीत, आमची सोय नको, अशीच सगळ्या पक्षांची रीत झाली आहे. मला आता कोणाचाच भरवसा वाटत नाही.

दक्षिण कोरियात मतदानाआधी दोन दिवस कुठलाही मतदार, देशातल्या कुठल्याही आगाऊ केंद्रावर, आधी अर्ज न करता मत देतो. आपल्याला ते एका रात्रीत जमणार नाही, मान्य. पण निवडणूक नियमांत बदल करणे केंद्र सरकारच्या हातात आहे. मार्च २०२४मध्ये घरून मतदानाचे वय ८०वरून ८५ केलेत, ते अधिसूचना काढूनच. ज्येष्ठांची सोय कमी करायला जी लेखणी चालली, ती आमच्यासाठीही चालवा. ही तीन दिवसांची केंद्रे कामावर असणाऱ्या प्रत्येक मतदाराला खुली करा, खासगी रुग्णालयांसकट. अर्जाची मुदत उमेदवारी माघारीनंतर ठेवा. करणार नसाल तर का नाही, ते लेखी आणि जाहीर सांगा.

आपली,
एक परिचारिका