माझा हात धरलात त्याबद्दल

मावशी,

खरं तर हे तोंडावर सांगायला हवं. दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुम्ही "किती पोळ्या?" विचारलंत आणि मी "सहा" म्हणून मोकळा झालो. दुसऱ्यांदा रांगेतला मागचा माणूस "अहो, आटपा की" म्हणाला. म्हणून लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला खपणार नाही. गिरगावात संध्याकाळी सातच्या सुमाराला ज्यांच्या हातात पोळ्यांचा गरम पुडा असतो, त्यांना नावाशिवायही कळेल.

आमच्या घरात बुद्धिबळ आलं ते 2025 च्या जुलैत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. 19 वर्षांची पोर त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. ते फोनवर बघून माझी दहा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, मला हे शिकायचंय." मग सगळे आईबाप करतात तेच आम्ही केलं. क्लास लावला.

कुठला ते सांगत नाही. भिंतभर ट्रॉफ्या होत्या आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले होते, एवढं पुरे. तिथले सर पडद्यावर 'दोन चालींत मात'ची कोडी टाकायचे आणि शेजारी तीस सेकंदांचं घड्याळ लावायचे. ज्याला दिसेल त्याने हात वर करायचा. माझ्या लेकीचा हात खालीच राहायचा. एकदा मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार अर्धवट उघडं होतं. सर म्हणाले, "एवढंही दिसत नाही? मग घरी जाऊन लुडो खेळ." पोरं हसली. मी बाकावरच बसून राहिलो. उठून आत गेलो नाही, ते अजून टोचतं. सरांचा खेळ चांगला असेलही. पण त्या घड्याळाच्या नादात समोर बसलेल्या पोरीचा चेहरा त्यांनी एकदाही बघितला नसावा.

क्लास सुटला आणि फोन सुरू झाला. फोनवर चाल चुकली की लाल फुली येते. खाली बल्बचं चित्र असतं, ते दाबलं की उत्तर. दिवसाला चाळीस चाळीस कोडी 'सुटायची', सगळी बल्ब दाबून. मी रागवायचो, आणि तिने काही विचारलं की मीही तोच बल्ब दाबून उत्तर सांगायचो, वर ते मलाच सुचल्यासारखा चेहरा करायचो. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय. बायको वाचेल तर वाचू दे.

शाळा साडेपाचला सुटते आणि मी फोर्टहून पोचेपर्यंत सात वाजतात. मधला दीड तास ती तुमच्या दुकानात तेलाच्या उपड्या डब्यावर बसते. ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. त्या उपकाराचं पत्र वेगळं लिहावं लागेल, ते आज नको.

लोणच्याच्या बरणीमागे तुमचा मॅग्नेटचा पट असतो हे मला कित्येक महिने ठाऊकच नव्हतं. लेकीला होतं. सगळी मोहरी मांडून पूर्ण डाव तुम्ही तिच्याशी कधी खेळला नाहीत म्हणे. कणीक मुरेपर्यंत एक कोडं लावायचं आणि आपल्या कामाला लागायचं, एवढंच.

तो मंगळवार. मी आलो तेव्हा पटावर मोजून सात मोहरी होती. काळा राजा वरच्या डाव्या कोपऱ्यात, त्याला चिकटून त्याचाच उंट, आणि दोघांच्या पुढ्यात एकेक काळं प्यादं. जणू कोपऱ्यातली खोली आतून कडी घालून बंद केलेली. पांढऱ्याचा राजा उंटाच्या पलीकडे, एक पांढरं प्यादं उंटासमोरच्या काळ्या प्याद्याच्या नाकाला नाक लावून, आणि एक हत्ती लांब खाली, काळा राजा ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीच्या तळाशी. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात.

लेक डब्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. हत्तीने कोपऱ्यातलं प्यादं मारून बघितलं, शह! तुम्ही पोळी लाटता लाटता उंटाने हत्ती मारला आणि मोहरी परत जागेवर ठेवलीत. "चूक" म्हणाला नाहीत. तिने प्याद्याने मारून बघितलं. तुम्ही पुन्हा काळ्याची चाल केलीत, पुन्हा मोहरी जागेवर. हे बराच वेळ चाललं असावं, कारण पटावर सगळीकडे पीठ होतं.

मी काय केलं? बाजूला सरकून फोन काढला, मोहरी भरली, बल्ब दाबला. अर्ध्या सेकंदात उत्तर. मग वाकलो आणि "अगं, हे बघ..." म्हणत हत्तीकडे हात नेला.

तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत.

लाटणं खाली ठेवून, पिठाच्या हाताने, घट्ट. माझ्याकडे बघितलंही नाहीत, लक्ष तव्यावर होतं, पोळी फुगत होती. हळू आवाजात म्हणालात, "दादा, राहू दे. तिचं आहे ते." मग हात सोडलात, पोळी उलटलीत आणि पटावर एक ताट उपडं घातलंत. "आज झालं. उद्या बघू."

खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला होता. बाप मी, आणि माझाच हात धरला? रस्ता ओलांडून जिना चढेपर्यंत धुसफुसत होतो. दुसऱ्या मजल्यावर लेक म्हणाली, "बाबा, मावशींना उत्तर माहीत आहे ना?" म्हटलं, असणारच. "मग त्यांनी सांगितलं का नाही?" मी काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, "त्यांना वाटतं मला येईल." आणि दोन दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

घरी गेल्यावर बघितलं, शर्टाच्या बाहीवर तुमची बोटं उमटली होती. चार इकडे, अंगठा तिकडे.

बुधवारी ताट तसंच होतं. गुरुवारीही. तीन दिवस तेच कोडं, त्याच जागी, लोणच्याच्या बरणीशेजारी झाकलेलं. क्लासात तीस सेकंद मिळायचे. तुम्ही किती वेळ दिलात याचा तुम्हीही हिशेब ठेवला नसेल. त्या तीन रात्री तिने फोन मागितला नाही. जेवताना वाटीच्या कडेवर बोट फिरवत पुटपुटायची, "उंट हलला तर... उंट हलला तर..." हिला ताप आला की काय असं आईला वाटलं.

शुक्रवारी आलो तर ती उभी होती. तुम्हाला विचारत होती, "मावशी, शह न देता चाललं तर चालतं का?"

माझ्या अंगावर काटा आला, कारण कोड्याची किल्ली नेमकी तीच होती. मात करायची कोडी सोडवणारं प्रत्येक नवखं माणूस आधी शह देऊन बघतं. शह देत देत मात होईल असं वाटतं. आणि इथली पहिली चाल मुकी आहे, कोणाला शह नाही, काही मारणं नाही. तुम्ही "हो"ही म्हणाला नाहीत आणि "नाही"ही. कणकेचा गोळा तळव्यावर फिरवत म्हणालात, "मला काय विचारतेस? पटाला विचार."

तिने हत्ती उचलला आणि आपल्या प्याद्याच्या शेजारी, काळ्या प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवला. फुकट. घ्या, मारा.

तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग हात फडक्याला पुसून नीट समोर बसलात. त्या दिवशी पहिल्यांदा पोळ्यांची रांग खोळंबली. आधी तुम्ही उंट हलवलात. तिने हत्तीने कोपऱ्यातलं प्यादं मारलं, मात. मोहरी परत जागेवर. मग तुम्ही तिचा हत्ती मारलात. समोरचं काळं प्यादं बाजूला सरकल्यामुळे तिच्या प्याद्याला वाट मोकळी झाली. तिने ते एक घर पुढे ढकललं. मात. काळ्याला तिसरी वाटच नव्हती. त्या घडीला त्याला गप्प बसता आलं असतं तर तो वाचला असता, पण बुद्धिबळात 'मी नाही खेळत' म्हणायची सोय नाही, पाळी आली की हलावंच लागतं.

रांगेतल्या एका काकांनी टाळी वाजवली. त्यांना काय कळलं देव जाणे. तुम्ही काळा राजा आडवा केलात आणि तव्यावरच्या पोळीला तूपसाखर लावून गुंडाळी तिच्या हातात दिलीत. म्हणालात, "प्याद्याने मात केलीस हो. आमचे वडील देशी पद्धतीने खेळायचे, त्यात ही सगळ्यात मानाची."

त्याच दिवशी तुमच्याबद्दल थोडं कळलं, तेही पोळ्या मोजता मोजता. तुमचं लहानपण म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या मुंबईच्या खाडिलकर बहिणींचा काळ. 1974 ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीताईंनी जिंकली, आणि 1976 ला धाकटी रोहिणी, जेमतेम तेरा वर्षांची, थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तुम्ही साधारण तिच्याच वयाच्या. पेपरातली बातमी तुम्ही कापून ठेवलीत आणि घरच्यांनी तुमचा पट माळ्यावर टाकला, कारण चाळीच्या गॅलरीत पुरुषांसमोर पोरीने बसायचं नाही. तुम्ही हे हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही.

तुम्ही 'कोपऱ्यातल्या राजाचं' म्हणता ते कोडं कुठून आलं, ते मी मागाहून शोधलं. पॉल मॉर्फी नावाच्या अमेरिकन खेळाडूच्या नावावर आहे, 1856 साली न्यूयॉर्कमध्ये छापून आलं होतं. म्हणजे वडिलांनी तुम्हाला जे लावून दिलं, त्याला तेव्हाच शंभराहून जास्त वर्षं झाली होती. मधल्या इतक्या माणसांतल्या कोणीतरी प्रत्येक वेळी पुढच्याला उत्तर न सांगता ते मांडून दिलं असणार, नाहीतर त्यात मजा ती काय उरली असती?

या शहरात मदत करणारे कमी नाहीत. पत्ता विचारला तर चार जण चार दिशा दाखवतात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा होते आणि सरकणारा मानही वर करत नाही. मी रोज घेतो ही मदत, आणि जमेल तेव्हा देतोही. पण उत्तर जिभेवर असताना तीन दिवस तोंड मिटून पोळ्या लाटत राहणं मला अजून जमत नाही. काल लेक भागाकार करत होती. सहा वेळा माझं तोंड उघडलं. शेवटी उठून गॅलरीत गेलो आणि खालच्या बेस्टच्या बसेस मोजत उभा राहिलो. अकरा बसेस झाल्या. मग आतून ओरडली, "आलं!"

शर्ट धुतला गेला. बायकोने भिजत टाकला तेव्हा मी ऑफिसात होतो.

मंगळवारच्या पोळ्यांचे पैसे द्यायचे राहिलेत. उद्या आणतो.

तुमचा,
सहा पोळ्यावाला

ता. क. बरणीशेजारचं ताट उद्या जपून उचला. लेकीने खाली तुमच्यासाठी एक मांडून ठेवलंय, स्वतः रचलेलं. तीन चालींत मात, असं ती म्हणते. मी तपासलेलं नाही.