लेझर कोण मारणार, ते आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीचं लग्न झालं की आपल्या पुण्यात दोन जाहिराती एकदम वाढतात, एक पैठण्यांची आणि दुसरी 'ब्रायडल ग्लो'ची. पैठणीतलं मला कळतं, ग्लोमधलं काही कळत नव्हतं, पण गेल्या वर्षी भाचीच्या चेहऱ्यापायी ते कळून घ्यावं लागलं म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशन नंबरचं कापू नका.

झालं असं की भाचीचा साखरपुडा ठरला, तिला हनुवटीवर आणि कल्ल्यांवर केस येतात, पीसीओडी म्हणजे हार्मोनचा त्रास आहे, थ्रेडिंगला वैतागलेली, तर बाणेरकडच्या एका चकाचक मेडिकल स्पामध्ये तिने लेझरचं आठ सिटिंगचं पॅकेज घेतलं, पैसे सगळे आधी, कारण ऑफर म्हणे त्याच दिवसापुरती होती. आत कॉफी, मंद गाणी, टॅबवर बोटाने सह्या. दुसऱ्या सिटिंगच्या आधी ती अलिबागला जाऊन चांगली रापून आली होती, उन्हात होतीस का असं कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि चटके बसतायत म्हटल्यावर मशीन धरलेली मुलगी म्हणाली, थोडं सहन कर, रिझल्ट छान येतो. रात्रीपर्यंत दोन्ही गालांच्या कडेला चौकोनी लाल शिक्के उठले, आठवड्याभरात काळे पडले. दुसऱ्या दिवशी आम्ही भांडायला गेलो तर कळलं, डॉक्टर मॅडम फक्त गुरुवारी येतात. सिटिंग मंगळवारी झालं होतं!

मग एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पाच मिनिटांत समजावलं. लेझर केसाच्या मुळातला काळा रंग पकडतो आणि तापवतो, पण तोच रंग आपल्या कातडीतही असतो, आणि ऊन खाऊन आलेल्या कातडीत तर जास्तच, म्हणून रापलेल्या चेहऱ्यावर लेझर मारायचाच नाही, मशीनचा जोर रंग बघून ठरवायचा आणि आधी कानामागे वगैरे छोटी टेस्ट घ्यायची. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग नावाचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि आयपीएल म्हणजे नुसत्या प्रखर प्रकाशाचे झोत, हा तर लेझरच नाही, तरी तो सर्रास लेझर म्हणून खपवतात. आणखी एक, केस कायमचे जातात हेही खरं नाही, कमी होतात, पीसीओडी असेल तर पुन्हा येऊ शकतात, त्यामुळे आधी हार्मोन बघायला हवेत. हे आम्हाला पॅकेज विकणाऱ्या 'काउन्सेलर'ने सांगायला नको होतं का?

मी बँकेतून रिटायर झालेली बाई, वेळ भरपूर आणि चौकशी करायची खोड जुनी, म्हणून पुढच्या महिन्यात कोथरूड, औंध, कॅम्प असे पाच ठिकाणी गिऱ्हाईक बनून गेले. प्रश्न एकच, मशीन कोण चालवणार आणि त्या वेळी डॉक्टर या छताखाली असणार का. तीन ठिकाणी 'आमची टीम ट्रेंड आहे' एवढंच उत्तर. एका ठिकाणी भिंतीवर नऊ फ्रेम, चष्मा लावून वाचल्या तर सगळ्या दोन-तीन दिवसांच्या वर्कशॉपच्या. पाचव्या ठिकाणी मात्र डॉक्टर स्वतः बाहेर आल्या, माझ्या वांगाकडे बघून म्हणाल्या, काकू, याला लेझर नको, उलट वाढेल, सनस्क्रीन लावा आणि सहा आठवड्यांनी या. विकायला काहीच काढलं नाही, मला तेच दुकान आवडलं.

आता नंबरचं. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ सालच्या, स्पष्ट आहे की रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावायचा आणि प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवरही छापायचा. तो नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघता येतो, डिग्री काय तेही दिसतं. स्किनसाठी एमडी किंवा डीएनबी डर्मटॉलॉजी, नाहीतर डिप्लोमा, प्लास्टिक सर्जन असेल तर एमसीएच, हे शोधायचं. आयुर्वेद, होमिओपॅथीवाल्यांची नोंद वेगळ्या कौन्सिलकडे असते, तिथे बघावं. २०२२ मध्ये डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने हेअर ट्रान्सप्लांटच्या निमित्ताने स्पष्ट लिहिलं की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून असल्या प्रोसीजर करता येत नाहीत, म्हणजे असं लिहायची वेळ आली होती हे बघा.

इंजेक्शनचं तर आणखी अवघड. फिलर, म्हणजे गाल-ओठ भरायला टोचतात ते, चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी सडू शकते, क्वचित डोळासुद्धा जातो, आणि हायल्युरोनिक फिलर असेल तर त्यावर उतारा हायल्युरोनिडेज, तो फ्रीजमध्ये आहे का असं मी दोन ठिकाणी विचारलं, एकीकडे तो शब्दच माहीत नव्हता. गोरं व्हायला शिरेतून देतात त्या ग्लुटाथिओन ड्रिपला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं तपासणाऱ्या खात्याची, मान्यता नाही, इथे मात्र लग्नाच्या पॅकेजमध्ये ती फेशियलच्या शेजारी छापलेली असते. आणि अमेरिकेत तरी सगळं आलबेल आहे असं नाही, न्यू मेक्सिकोत लायसन्स नसलेल्या एका स्पामध्ये रक्त काढून चेहऱ्याला टोचायच्या 'व्हॅम्पायर फेशियल'मधून बायकांना एचआयव्ही झाला, तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये रिपोर्ट काढला. म्हणून सुई पाकिटातून आपल्यासमोर फोडतात का ते बघायचं, लाजायचं नाही.

पैशांचंही सांगते. निव्वळ सौंदर्यासाठीच्या ट्रीटमेंटवर जीएसटी लागतो, तेव्हा 'बिल नको, थोडं कमी करतो' म्हणाले की समजायचं, उद्या तक्रार करायला हातात कागद राहणार नाही. भाचीकडे बिल होतं, मशीनचा जोर किती ठेवला तो आकडा लिहिलेला नव्हता, सिटिंगच्या नोंदीत नुसतं 'डन'. निम्मे पैसे परत मिळाले, तेही तिच्या बाबांनी ग्राहक मंचाचं नाव काढल्यावर. बजेट नसेल तर सरकारी ससून हॉस्पिटलमध्येही स्किनची ओपीडी आहे, रांग लावावी लागते एवढंच.

आता तुमच्याकडे मागणं. डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करायची नाही असा नियम, म्हणून पुरवणीत नुसतं स्पाचं नाव आणि हिरॉइनसारखी गुळगुळीत मुलगी येते, डॉक्टर कोण ते कुठेच नाही. अशी जाहिरात घेताना निदान तिथे रोज बसणाऱ्या डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर तुमच्या जाहिरात विभागाने मागून घ्यावा, छापू नका हवं तर, पण मागा.

भाचीचे डाग सात महिन्यांनी फिके झाले, साखरपुड्याच्या फोटोत मेकअपखाली झाकले गेले. स्कूटरवर ती अजूनही डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळते, सगळ्या पुण्याच्या मुलींसारखी, फक्त आता आत सनस्क्रीनही असतं.

आपली,
एक मावशी, कोथरूड, पुणे