चौथऱ्यावरची विमाने आणि रद्दीत गेलेल्या वह्या

संपादक महोदय,

सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीलगत एका खासगी कंपनीचे बोइंग 720 तब्बल दोन तपे उभे होते, हे अनेक नागपूरकरांना आठवत असेल. जुलै 1991 मध्ये बिघाडामुळे उतरलेले ते विमान परत उडालेच नाही आणि 2015 मध्ये ते धावपट्टीपासून दूर हलवण्यात आले, तेव्हा एकदाची अडगळ गेली, असेच बहुतेकांचे म्हणणे मी ऐकले. ते प्रवासी विमान होते. परंतु जुन्या लष्करी विमानांच्या वाट्यालाही आपल्याकडे फारसे निराळे काही येत नाही. ती भंगारात जातात, नाहीतर चौथऱ्यावर चढवून उन्हापावसाच्या हवाली केली जातात. हा विषय मला अनेक वर्षे अस्वस्थ करत आला आहे.

उघड्यावरचे विमान कसे झिजते, हे यंत्रांशी संबंध आलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा आणि पोलादी बोल्ट जेथे एकमेकांना टेकतात, तेथे ओल धरली की पत्रा आतल्या आत खाल्ला जातो. वरून दिलेल्या तैलरंगामुळे तो रोग फक्त झाकला जातो. पंखांत पाणी साठते, पक्षी घरटी करतात, आणि आपल्याकडच्या नवतप्यात टायरांना भेगा पडून वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आच्छादन पिवळे पडत जाते. दर काही वर्षांनी रंग काढणाऱ्याला मूळ खुणा आणि क्रमांक ठाऊक नसतात, त्यामुळे हळूहळू विमानाची ओळखही पुसली जाते. साधे छप्पर घातले, तरी यातील बरेचसे नुकसान टळते.

याच देशाने मोडीत निघालेली विमाने उभी करून दाखवली आहेत, म्हणून हे अधिक बोचते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने कानपूरला सोडलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत, अशा बेताने नासवून ठेवली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी 1948 पासून ती जागेवर कशीबशी उडण्याजोगी केली, बंगळूरला उडवत नेली आणि तेथे पूर्ण दुरुस्त करून चाळीसच्या आसपास विमाने हवाई दलाच्या हाती दिली. ती 1968 पर्यंत सेवेत राहिली. आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात, कॅनडातील ओटावा येथे आणि अमेरिकेत जी लिबरेटर विमाने लोक कौतुकाने पाहतात, त्यांतील काही भारतातून गेलेली आहेत. पालमच्या हवाई दल संग्रहालयातही एक आहे. मात्र ज्या फिटरांनी ही किमया केली, त्यांची नावे किती जणांना सांगता येतील?

'मरुत'ची कथा तर याहून हृद्य आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले हे लढाऊ विमान जून 1961 मध्ये प्रथम उडाले आणि 1971 च्या युद्धात लोंगेवालाच्या आघाडीवर लढले. एकूण 147 विमाने बांधली गेली. त्याची घडण ध्वनीहून वेगवान उड्डाणासाठी होती. पण हवे तितके ताकदीचे इंजिन त्याला कधीच मिळाले नाही. त्याच शोधात इजिप्तच्या ई-300 इंजिनाची चाचणी एका 'मरुत'वर घेतली गेली, आणि त्या देशाचे एचए-300 हे लढाऊ विमान 1964 मध्ये पहिल्यांदा उडवले ते कपिल भार्गव या भारतीय वैमानिकाने. तो प्रकल्प 1969 मध्ये गुंडाळला गेला. त्याचा नमुना मात्र आज म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात छपराखाली सुरक्षित आहे. कॅनडाने 1959 मध्ये रद्द केलेल्या ॲरो या लढाऊ विमानांचे तुकडे करवले आणि पुढे त्याच देशातील लोकांनी ऑन्टारिओ सरोवराचा तळ धुंडाळून त्या विमानाची चाचणीसाठीची एक प्रतिकृती 2018 मध्ये वर काढली. जे हाताशी होते, ते पाण्यातून शोधून आणण्याची पाळी त्यांच्यावर आली.

आपल्याकडे पाळी रद्दीवाल्याकडे जाण्याची येते. माझे मामा बंगळूरला 'मरुत'च्या पत्राकामावर होते. पंखांच्या रिव्हेटांची मापे, आलेल्या अडचणी आणि काढलेले उपाय ते स्वतःच्या वह्यांत मराठीत लिहून ठेवत. ते गेल्यावर ती ट्रंक मी एका संस्थेला देऊ केली. जागा नाही, असे उत्तर आले. मी दुसरीकडे विचारणा करत असतानाच घर आवरताना वह्या किलोवर विकल्या गेल्या. माझ्याकडे चार सुटी पाने उरली आहेत.

अपघाती विमानांच्या अवशेषांबाबतही नोंदीचे मोल तितकेच आहे. फेब्रुवारी 1968 मध्ये 102 जणांसह रोहतांगजवळ हरवलेल्या हवाई दलाच्या एएन-12 या मालवाहू विमानाचे अवशेष 2003 मध्ये सापडले आणि आणखी चार जवानांचे पार्थिव 2024 मध्ये हाती लागले. अशा ठिकाणाहून आठवण म्हणून पत्र्याचा तुकडा उचलणे मला अक्षम्य वाटते. तेथे कोणाचा तरी मुलगा अजून बर्फात असू शकतो, आणि तुकडा नेमका कोठे होता, याची नोंद गेली की तपास करणाऱ्यालाही त्यातून काही कळत नाही.

विमानांची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. रात्रीच्या टपाल सेवेत चारही महानगरांतून निघालेली डाकोटा विमाने 1949 पासून मध्यरात्री येथेच एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करत. या शहरात विमान उडवणाऱ्यांपेक्षा विमान दुरुस्त करणाऱ्यांचे संग्रहालय शोभेल. एक बंदिस्त शेड, त्यात निवृत्त झालेली एक-दोन विमाने, त्यांच्यावर हात बसवणारे तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी आणि वायुसेनानगरच्या परिसरात स्थायिक झालेले निवृत्त तंत्रज्ञ त्यांना शिकवण्यासाठी, इतक्यावर सुरुवात होऊ शकते. शेड उभी राहीपर्यंत निदान या तंत्रज्ञांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्यांच्या वह्या, आराखडे, छायाचित्रे यांच्या प्रती घेऊन अजब बंगल्यात (येथील मध्यवर्ती संग्रहालयात) किंवा विद्यापीठात ठेवाव्यात. मरुतवर काम केलेल्यांपैकी बहुतेकांनी आता पंचाहत्तरी ओलांडली असणार, त्यामुळे हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.

कोणतीही संस्था पुढे आली, तर मामांच्या हातची ती चार पाने मी स्वतः आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक,
सोमलवाडा, नागपूर