तो फोटो माझाच आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोन लावला की बाबा "आईला देतो" म्हणतात, आणि आई "जेवलास का" एवढं विचारून गप्प होते. पेपरात तो फोटो आल्यापासून असे तीन रविवार गेले. म्हणून लिहायला बसलोय. बाबांनीच शिकवलंय, पत्रात आधी खुशाली, मग मुद्दा. तर खुशाली अशी, की आम्ही तिघंही मजेत आहोत. तुमच्या सुनेचा खोकला थांबला. नात डब्यात रोज धपाटे मागते आणि आजीसारखे झाले नाहीत म्हणून अर्धे परत आणते. येसर संपत आलाय, पण त्यासाठी आईनं लगेच कांडायला बसू नये. माझं खाणंपिणं, झोप, सगळं वेळेवर आहे. नोकरीला धक्का लागलेला नाही. साहेबांनीही तो फोटो पाहिला, आणि सोमवारी नेहमीसारखं कामाला लावलं.

आता मुद्दा. ताईकडून तुमचा निरोप मिळाला. प्राइड वॉकमध्ये, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी आणि माझ्यासारख्यांच्या अभिमानाच्या फेरीत, साडी नेसून चालतानाचा पेपरात आलेला फोटो माझा नाही, कुणातरी माझ्यासारख्या दिसणाऱ्याचा आहे, असं मी काकांना आणि भावकीत सांगावं. बाबा, तुमचा शब्द मी आजवर फारसा मोडला नाही. हा मोडतोय. तो फोटो माझाच आहे. जांभळी इरकल मी माझ्या पगारातून घेतलेली आहे. आणि हातातलं घड्याळ तेच आहे, जे माझा इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा तुम्ही परभणीला नेऊन घेऊन दिलंत. ते घड्याळ बघूनच तुम्ही मला ओळखलं असणार. फोटो माझा नाही म्हणायचं तर ते घड्याळही माझं नाही म्हणावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही.

फोटो छापून येणार हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर आधी तुम्हाला सांगितलं असतं. दुसऱ्याच्या हातातल्या पेपरात, पारावर बसलेले असताना तुम्हाला ते दिसावं, हे व्हायला नको होतं. त्याची माफी मागतो. फोटोची नाही मागत.

आई, तुला तर हे नवीन नाही. मी आठवीत होतो. तू काकड्याला गेली होतीस. मागच्या खोलीतली पेटी उघडून मी तुझी मोरपंखी साडी नेसलो होतो, आणि कमरेला बाबांच्या पायजम्याची नाडी आवळली होती. तू दारात उभी राहिलीस. मारलं नाहीस, ओरडली नाहीस. जवळ येऊन गाठ सोडायला लागलीस. ती इतकी घट्ट बसली होती की तुला दातांनी सोडवावी लागली. तुझं डोकं माझ्या पोटाशी, केसांना शिकेकाईचा वास, आणि मी पुतळ्यासारखा उभा. मग साडीची घडी घातलीस, मला गूळ-शेंगदाणे दिलेस, आणि दुसऱ्या दिवशी पेटीला कुलूप आलं. त्या कुलपाचा मला राग नाही, माय. तुला दुसरं काय सुचणार होतं? कुणाला विचारणार होतीस? पण आपण दोघं त्या दिवसावर कधीच बोललो नाही, आणि मी पंचवीस वर्षं समजत राहिलो की मी काहीतरी घाण केली होती.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी तुम्हाला न सांगता एका डॉक्टरांकडे गेलो होतो. मेसचे पैसे वाचवून फी भरली. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि लग्न झालं की जाईल म्हणाले. त्या वर्षी मी वाळून गेलो होतो ते त्यामुळं. तुम्हाला वाटलं मेस वाईट आहे, आणि बाबा, तुम्ही दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरकडं तुपाची बरणी देत होतात. ते तूप खाताना मला रडू यायचं. आज कळतं की ना मेस वाईट होती, ना मी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली रोगांची जी नवी यादी मान्य केली, तिच्यात हे, म्हणजे पुरुषानं बाईचे कपडे घालणं, मनाचा आजार म्हणून धरलेलं नाही. आणि असलं काही 'बरं' करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरांचं वागणं गैरवर्तन ठरेल, असं २०२२ ला आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच सांगितलं. बाबा, तुम्हाला छापील पुरावा लागतो म्हणून हे लिहितोय. येताना कागद घेऊन येईन.

काकांनी तुम्हाला काय काय सांगितलं असेल त्याचा अंदाज आहे. म्हणून सरळ लिहितो. मी नाव बदलणार नाही. ऑपरेशन करणार नाही. घरदार सोडून कुठं जाणार नाही. काही जणींची जन्माला मुलगा म्हणून नोंद होते आणि आतून त्या बाई असतात. त्यांनी साडी नेसली की त्या आपल्या मूळ रूपात येतात. माझं तसं नाही. मी तुमचा मुलगा आहे, नवरा आहे, बाप आहे, आणि साडी नेसली की माझा जीव शांत होतो. कशानं, ते मला नीट सांगता येत नाही. निऱ्या चापून बसल्या, पदर खांद्यावर आला, की दिवसभर आवळून धरलेलं काहीतरी सैल पडतं. महिन्यातून दोन-चारदा, घरातच. बाहेर नेसून चाललो तो हाच पहिला दिवस.

पण मी तसा असतो, आतून बाई असतो, तरी तुमचंच लेकरू असतो. हे मुद्दाम लिहितोय. त्या प्राइड वॉकमध्ये माझ्या शेजारी नांदेडकडची एक मुलगी चालत होती. चार वर्षांत ती घरी गेलेली नाही. पोळ्याला घरून फोन येईल म्हणून मोबाईल हातात धरून बसते म्हणाली. मला तेव्हा आईचं "जेवलास का" आठवलं. तुम्ही कमी बोलता आहात, पण विचारणं सोडलेलं नाही.

आणि बाबा, तुमच्या मनात हे नाहीच असं मी मानत नाही. २०१८ साली माजलगाव तालुक्यातल्या ललित साळवेंची बातमी तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवली होती. बीड पोलिसात महिला शिपाई म्हणून भरती झालेले, मग मुंबईला शस्त्रक्रिया होऊन पुरुष म्हणून परत नोकरीवर आलेले. पेपर खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "याला काळीज लागतं." मी तेव्हा स्वयंपाकघरात पाणी पीत होतो. तो तांब्या मी कितीतरी वेळ तोंडाला लावून उभा होतो. पुढं त्यांचं लग्न झालं, तेही तुम्हीच मला फोनवर सांगितलंत.

सप्ताहातलं तुमचं भारूडही मला आठवतं. नाथांचा रोडगा. आईचं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि बत्तीच्या उजेडात तुम्ही सासूचं गाऱ्हाणं मांडायला लागलात की बायका डोळ्याला पदर लावून हसायच्या. एवढा मोठा मास्तर लुगडं नेसला म्हणून कुणी शाळेतून पोरं काढून नेली नाहीत. उलट नेसवायला अर्धी गल्ली यायची. तुमचं ते सोंग होतं, देवाच्या दारातलं होतं, हे मला कळतं. त्याच्याशी माझी बरोबरी करून तुमचा मान उणा करत नाही. फक्त सोंग उतरवल्यावर तुम्ही ते लुगडं कुणाला हात लावू न देता स्वतः घडी घालायचात, पदराचं टोक टोकाला जुळवून. मी पाच-सहा वर्षांचा असेन, खांबाला टेकून बघायचो. तशीच घडी मी आज घालतो.

तुमच्या सुनेला मी फसवलेलं नाही. पाहण्याचा कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात तिला भेटून सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. मग तिनं खूप विचारलं आणि मी एकही प्रश्न टाळला नाही. फोटोतल्या पदराला पिन तिनंच लावलीय. नातीला वेगळं काही समजवावं लागलं नाही. बाबांना साडी आवडते, एवढं तिला पुरतं.

जग सुधारलंय असं मी म्हणत नाही. त्या दिवशी परत येताना रिक्षावाल्यानं मला अर्ध्या रस्त्यात उतरवलं. पण जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला, म्हणजे आपल्यासारख्याच गावात, अंजली पाटील या तृतीयपंथी बाईंचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद केला होता. आपल्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ ला त्यांना महिला गटातून लढू दिलं, आणि गावानं मतं देऊन निवडून आणलं. पारावर विषय निघाला तर हे सांगा. सांगावंसं नाही वाटलं तर सांगू नका, उठून घरी या. कुणाला उत्तरं देत बसायची तुमची जबाबदारी नाही. ज्याला विचारायचंय त्याला माझा नंबर द्या.

आता नीट ऐका. बाबा, साखर तपासून महिना झाला, ताईनं सांगितलं. माझ्या रागात गोळ्या बंद करायच्या नाहीत. सकाळची जेवणाआधी, रात्रीची जेवणानंतर, डबीवर मी नावं लिहून ठेवलीत. नळाला आठवड्यानं पाणी आलं की हौदातून बादल्या तुम्ही उपसायच्या नाहीत. मोटरवाल्याला पैसे पाठवलेत, तो येऊन बसवून जाईल, त्याला परत पाठवू नका. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. आणि तू नीट जेवत नाहीस, हेही मला कळलंय.

महालक्ष्म्यांना आम्ही तिघं येतोय. रजा मांडलीय, तिकिटं काढलीत. यंदा मी साडी नेसून येणार नाही, तुम्हाला एवढ्यात आणखी सोसायला लावायचं नाही. पुढं कधीच नेसणार नाही असं मात्र लिहून देत नाही. दोघींना साड्या दरवर्षीसारखा मीच नेसवेन. धाकटीच्या निऱ्या कुणालाच जमत नाहीत, हे तूच सगळ्यांना सांगायचीस, आई. तू स्टुलावर चढू नकोस, पिलवंडं आणि मुखवटे मी आल्यावर काढू. फक्त एक मागतो. यंदा थोरलीला ती मोरपंखी नेसवू या. पेटीची किल्ली देवघरात आहे ना?

नातीचा दोघांना गोड पापा. ताईला म्हणावं, मी रागावलेलो नाही.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, गाडी पहाटे पोचते. स्टेशनवर यायलाच पाहिजे असं नाही, आम्ही रिक्षा करू. आलात तर अंधारात रूळ ओलांडू नका, पुलावरून या. छत्री आणा.